मागच्या खोलीची भिंत

१

घर घेतलं तेव्हा दोघांचंही वय नवा संसार मांडायचं राहिलेलं नव्हतं. दादा छापखान्यातून निवृत्त झाला होता, वहिनीला जाऊन बरीच वर्षं लोटली होती, आणि धाकट्या बहिणीने लग्नाच्या भानगडीत पडायचं टाळलं ते टाळलंच. पन्नाशी उलटली तरी दादाच्या तोंडी ती चिंगीच होती. बाहेर तिला मॅडम म्हणणारी माणसं होती, पण घरात एकदा चिंगी ठरलेल्या बाईची त्यातून सुटका नसते.

एके दिवशी दादाच म्हणाला, "दोन ठिकाणी दोन चुली कशाला? तू तिकडे एकटी गिळतेस, मी इकडे एकटा गिळतो."

मग दोघांनी आपापल्या खोल्या विकून गल्लीच्या टोकाचं हे जुनं बैठं घर घेतलं. भिंती हातभर जाड, दारं फुगलेली, मागच्या अंगणात कमरेइतकं गवत आणि त्या गवतात हरवलेलं एक लिंबाचं झाड. बघायला येणारा प्रत्येक जण सांगून जाई की पाडा आणि नवं बांधा. दादा म्हणे, "पाडायला अक्कल लागत नाही. ठेवायला लागते."

एका वेळी एकच खोली घ्यायची, हे ठरलं. सुतारकाम आणि गिलावा दादाकडे, रंग आणि अंगण चिंगीकडे. जड कामाला गवंडी, विजेच्या कामाला वायरमन. घाई कुणालाच नव्हती. चिंगीची नोकरी चालू होती. ती एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे लोकांचे कान तपासायची. काचेच्या लहानशा खोलीत पेशंटला बसवायचं, कानावर यंत्र चढवायचं आणि सांगायचं, आवाज आला की बटण दाबा. आवाज नसतानाही बटण दाबणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. त्यामुळे ‘मला ऐकू आलं’ या वाक्यावर तिचा फारसा भरवसा नव्हता. दुसऱ्याच्याही नाही आणि स्वतःच्याही नाही.

संध्याकाळी ती परत आली की दोघं उजेड संपेपर्यंत काम करत आणि काम करता करता भांडत. खिळा कुठे ठोकायचा यावरून, रंगात पाणी किती घालायचं यावरून, वहिनीच्या वेळच्या कपाटाला आरसा होता की नव्हता यावरून. भांडण थांबलं की समजावं, एकजण दुकानात गेला आहे.

२

पुढच्या दोन खोल्या उरकल्यावर मागची खोली हाती घेतली. ही खोली सगळ्यांत अंधारी. तिची शेवटची भिंत बाहेरची. तिच्या पलीकडे अंगणच. त्या भिंतीचे पोपडे सुटले होते, म्हणून रविवारी दुपारी चिंगी खरवडायची पत्री घेऊन तिथून सुरू झाली.

काम मजेचं होतं. वरचा पिवळट रंग निघाला की खाली हिरवा, हिरव्याखाली निळा. कुणाकुणाला काय काय आवडलं होतं ते उलटं वाचत गेल्यासारखं. हात दुखायला लागला म्हणून ती थांबली, आणि खरवडण्याचा आवाज मात्र थांबला नाही.

फार वेळ नाही. एखादा श्वास घ्यावा तेवढाच तो पुढे चालला, आणि मग थांबला.

घुमला असेल, असं तिने मनाशी म्हटलं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतोच. तिने पुन्हा दोन हात मारले आणि मुद्दाम थांबली. काही नाही. मग तिने भिंतीला कान लावला.

आत कुणीतरी खिळा ठोकत होतं. लांबून, पण स्वच्छ. तीन ठोके, मग थोडं थांबून एक. मग पत्र्याच्या डब्याचा खणखणाट आणि फरशीवर विखरून पडणाऱ्या खिळ्यांचा सरसराट. शेवटचा एक खिळा बराच वेळ गोल फिरत राहिला आणि निजला.

चिंगी उठून पुढे गेली. दादा फाटकाच्या बिजागरीला तेल घालत होता.

"काही ठोकत होतास का?"

"तेल ठोकतात का?" दादा म्हणाला.

ती मागे अंगणात गेली. त्या भिंतीची बाहेरची बाजू वेलाने झाकलेली होती. एक पानही हललेलं नव्हतं, आणि गवतातून कुणी चालत गेल्याची खूण नव्हती. शेजारच्या घरी काम चालू असेल, असं म्हणून तिने विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा दादा पुढच्या खोलीत फळी बसवत होता. तिने चहा टाकला, कप घेऊन ती दारात उभी राहिली, आणि दादाने तीन ठोके मारले. खिळा वाकडा जातोय का बघायला थांबला. मग एक मारला. शिडी हलली, खिळ्यांचा डबा सुटला, आणि सगळे खिळे फरशीभर झाले. शेवटचा एक गोल फिरत राहिला.

"बघत काय बसलीस? उचलायला लाग," दादा म्हणाला.

चिंगी खाली बसली आणि खिळे वेचू लागली. चहा कपातच गार झाला.

३

दुसरी एखादी घाबरली असती. चिंगीच्या मात्र चौकसपणा पाचवीला पुजलेला. लहानपणी घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला तिने वडिलांचं घड्याळ उघडलं होतं आणि मार खाल्ला होता, तरी शेवटचं चाक सुटेपर्यंत ती थांबली नव्हती. आता घरात एक भिंत होती, आणि तिच्यात काहीतरी चालत होतं.

ती रोज संध्याकाळी थोडं खरवडायची आणि थोडं ऐकायची. बहुतेक वेळा काहीच नसायचं. कधी बादली सरकवल्याचा आवाज, कधी रंध्याची खरखर, कधी दादाचा खाकरा. आणि मग एखाद्या दिवशी, कधी अगदी दुसऱ्याच दिवशी, ते सगळं जसंच्या तसं घरात व्हायचं. बादली त्याच कोपऱ्यातून त्याच कोपऱ्यात सरकायची.

दादाला सांगावं का, हा प्रश्न होता. छापखान्याच्या यंत्रांनी त्याच्या कानांचं वाटोळं केलं होतं. मोठं बोललेलं कळायचं, पण बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नसत. पक्षी नाही, पाण्याची टिपटिप नाही, दूध उतू गेल्याची चुरचुर नाही. या बाबतीत साक्षीदार म्हणून तो अगदीच निरुपयोगी होता.

"त्या भिंतीशी लग्न लावलंयस का?" तो विचारी. "बाकीच्या तीन काय सावत्र आहेत?"

"ही ओली आहे. नीट काढायला हवी."

निळ्याखाली चुन्याचे थर लागले. चुना निघू लागला तसे आवाज मंद झाले. लांब गेल्यासारखे. एका संध्याकाळी तिने काच फुटलेली ऐकली. मोठी काच, एकदम, आणि लगेच एका अनोळखी पुरुषाचा आवाज, अगदी शांतपणे म्हणालेला: "गेलं."

दुसऱ्या दिवशी काही फुटलं नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. चिंगीला हायसं वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडी निराशाही झाली. म्हणजे सगळा योगायोग होता तर. मन पाहिजे ते जुळवून घेतं. पेशंट नाही का शांततेत बटण दाबत.

पाऊसकाळ सरला आणि खिडक्यांची नवी तावदानं आली तेव्हा मात्र तिला ते आठवलं. तिने त्या काचा जुन्या चादरींत गुंडाळून आपल्या पलंगाखाली ठेवल्या. दादाला हात लावू दिला नाही. बसवायच्या दिवशी स्वतः एकेक काच छातीशी धरून नेली, जसं अंगावरचं मूल न्यावं. शेवटची काच भिंतीला टेकवून ती पडदा बाजूला करायला वळली. वायरमन पंख्याचं बघायला आला होता. त्याने शिडी उचलून खांद्यावर घेतली आणि तो वळला.

काच एकदम फुटली. वायरमनने खाली पाहिलं.

"गेलं," तो म्हणाला.

आवाज तोच होता. या माणसाला चिंगीने आयुष्यात पहिल्यांदा त्याच सकाळी पाहिलं होतं.

४

तिने आपलेच कान तपासून घ्यायचं ठरवलं. पेशंट संपल्यावर तिने डॉक्टरीणबाईंना गळ घातली.

"तुला काय झालंय?" बाई म्हणाल्या. "तुझ्या कानांवर तर माझं दुकान चालतं."

"बघा तरी."

इतकी वर्षं ती काचेबाहेर बसली होती. आज आत बसली. दार लागलं आणि आपल्याच रक्ताचा सळसळाट ऐकू येऊ लागला. मग बारीक शीळ, मग त्याहून बारीक, मग जाड गुरगुर. ती बटण दाबत गेली. काचेपलीकडे बाईंच्या भुवया हळूहळू जवळ आल्या. त्यांनी एकदा यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "कान उत्तम आहेत. तरण्या पोरीचे असावेत तसे. पण चिटिंग करतेस."

"म्हणजे?"

"मी आवाज सोडायच्या आधी तू बटण दाबतेस. अगदी जरासंच आधी. यंत्राचा क्रम तुला तोंडपाठ झालाय, दुसरं काय."

"असेल," चिंगी म्हणाली.

असेलच. इतक्या वर्षांचा क्रम बोटांत उतरला असणार. पण परतताना तिला सारखं वाटत होतं की आज बाईंनी क्रम बदलला होता. विचारायला हवं होतं. तिने कधी विचारलं नाही.

५

चुन्याखालचा गिलावा भुसभुशीत झाला होता. दादा म्हणाला काढूनच टाकू. त्याने छिन्नी लावली आणि बघता बघता भिंत उघडी पडली. लाल विटा, दोन विटांची जाडी, मधला चुना अजून दगडासारखा. चिंगीने झाडून पुसून तिथे कान लावला.

पहिल्यांदा वाटलं काहीच नाही. मग फार फार लांबून, विहिरीच्या तळातून यावं तसं, कुणीतरी काम करताना ऐकू आलं. काचकागद लाकडावर घासला जात होता. मग चपलांचा आवाज. झारीत पाणी भरल्याचा. पुन्हा काचकागद.

ती बराच वेळ तशीच बसली. काहीतरी कमी होतं आणि ते काय हे लक्षात यायला वेळ लागला. बोलणं नव्हतं. या घरात काम चालू आहे आणि भांडण नाही, असं कधी झालंच नव्हतं. चपलांचा जोड एकच होता. एक माणूस जाई, तोच परत येई, तोच काम करी.

एकजण दुकानात गेला असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

मग ती रोज ऐकू लागली, आणि रोज तेच. एकच माणूस. कोण आहे ते कळायला आवाज फार पुसट होता. खाकरा नाही, गुणगुणणं नाही. जितकं खोल खरवडावं तितकं पुढचं ऐकू येतं, हे आता तिला पटलं होतं. ही वीट म्हणजे वर्षानुवर्षं पुढची. तोवर दोघांपैकी एकजण राहिलेला होता.

दादा तिच्याहून बराच मोठा. चार पायऱ्या चढल्या की त्याला धाप लागे. चिंगीने हिशेब मांडला तो सरळ होता, आणि तिने तो एकटीनेच मांडला.

दुसऱ्या दिवसापासून दादाच्या मागे डॉक्टर लागले. रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, पट्ट्यावर पळवला. सगळं ठीक निघालं. तिने त्याची शिडी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. सिमेंटचं पोतं उचलू देईना. जेवणातलं मीठ कमी केलं.

"मी म्हातारा झालोय हे कबूल," दादा म्हणाला. "पण अळणी मरायचं मी कबूल केलेलं नाही."

"आणि कानाचं यंत्र घे आता. मागून गाडी आली तर कळत नाही तुला."

"ते नको. कानात किडा बसल्यासारखं वाटतं. तू ओरडतेस तेवढं पुरे आहे."

यंत्राला त्याचा कायमचा नकार होता. बहीण कानाच्या दवाखान्यात आणि भाऊ बहिरा, यावरून डॉक्टरीणबाई तिला चिडवत.

६

थंडीत दादाने नवीनच काढलं. मागच्या खोलीत उजेड नाही, तर त्या उघड्या भिंतीत खिडकी काढायची. समोर लिंबाचं झाड दिसेल, वारा येईल.

"त्या भिंतीत नको," चिंगी म्हणाली.

"का?"

"भिंत कच्ची आहे."

"काल म्हणालीस दगडासारखी आहे."

ती गप्प बसली. गप्प बसलेली चिंगी दादाने फारशी पाहिली नव्हती. त्याने हातातला टेप ठेवला आणि उलट्या बादलीवर बसला.

"वर्षभर बघतोय. तू तिथे कान लावून बसतेस. मला वाटलं उंदीर असतील. मग वाटलं, रडत असशील. काय आहे ते सांग."

मग तिने सगळं सांगितलं. खिळे, काच, वायरमन, दवाखान्यातलं बटण. आणि तो एकटा माणूस. मोठ्याने सांगावं लागलं, कारण दादाला ऐकू यायचं तर मोठ्याने सांगावंच लागे; आणि मोठ्याने सांगितल्यावर ते तिलाच वेडगळ वाटलं.

दादा हसला नाही. उठून त्याने विटांना आधी उजवा कान लावला, मग डावा. बराच वेळ.

"मला काही येत नाही," तो म्हणाला. "पण तुझ्या कानांना मी लहानपणापासून ओळखतो. आई मिठाईचा डबा उघडायची तेव्हा तू अंगणातून यायचीस." तो पुन्हा बसला. "म्हणजे तो एकटा माणूस तू, आणि मी वर. म्हणून हे डॉक्टर आणि अळणी जेवण."

"असंच काही नाही."

"कोण आहे ते नक्की कळलं तर काय करशील?"

करण्यासारखं काही असतं तर काच वाचली असती. "मला फक्त कळायला हवं," ती म्हणाली.

"घड्याळाची चाकं," दादा म्हणाला. "अगं, ऐकत बसण्यापेक्षा खिडकी बरी. बघू काय दिसतं ते."

७

गवंड्याने येऊन खिडकीचा चौकोन आखला, वरचा भार पेलायला दगड बसवला, आणि विटा काढायला सोमवारी येतो म्हणून गेला. पहिली वीट आपणच काढायची असं भावाबहिणीने ठरवलं. रविवारची सकाळ होती, स्वच्छ ऊन, अंगणात कापलेल्या गवताचा वास.

वेल बाजूला करून दादा बाहेरून लागला, चिंगी आतून. त्याची वीट त्याने काढायची, तिची तिने. मध्ये दोन विटांइतकीच भिंत. त्याच्या छिन्नीचे ठोके तिच्या हातांना कळत होते, आणि तिला त्यांचा आधार वाटत होता. छाती धडधडत होती; पण भीतीपेक्षा ते दुसरंच काही होतं. घड्याळाचं झाकण उचलताना तिला असंच झालं होतं.

तिची वीट आधी सुटली. तिने ती दोन्ही हातांनी हलवत हलवत बाहेर ओढली, खाली ठेवली आणि वाकून पाहिलं.

समोर बाहेरच्या थरातल्या विटेची पाठ दिसायला हवी होती.

समोर खोली होती. हीच खोली. पण भिंतींना फिकट रंग होता, खाली फरशी चकचकीत, आणि कुठूनतरी भरपूर ऊन आत पडलेलं. उन्हात एक म्हातारा पाठमोरा उभा राहून खिडकीची चौकट काचकागदाने घासत होता. मान बारीक झालेली, खांदे उतरलेले, अंगावर विरलेला सदरा. त्याच्या कानामागे लहानसं यंत्र होतं. घासणं थांबवून त्याने हात झटकला आणि मान तिरकी केली. पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारल्यावर करतो तशी.

मग तो वळला. दादा होता. फार म्हातारा, ओठ आत गेलेले, पण दादाच. तो दुःखी दिसत नव्हता. हाक कुठून आली हे शोधणाऱ्या माणसासारखा दिसत होता. त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग रिकाम्या कोपऱ्याकडे, आणि मग तो सरळ भिंतीकडे आला, अगदी जवळ, इतका जवळ की सदऱ्याचं बटण तेवढं दिसू लागलं, आणि त्याने भिंतीवर हात टेकला असावा, कारण उजेड गेला.

चिंगी हलली नाही. अंधारात खडखड झाली, माती सांडली, आणि ऊन एकदम तिच्या डोळ्यांत आलं. भोकाच्या पलीकडे एक डोळा होता आणि त्याच्यावर विटेची धूळ बसलेली भुवई.

"काय गं," दादाने बाहेरून विचारलं, "दिसतोय का मी?"

"दिसतोयस," चिंगी म्हणाली.

८

खिडकी छान झाली. गवंड्याने उरलेल्या विटा काढल्या, चौकट बसली. खिडकीच्या बाजूला जी भिंत उरली होती तिथे चिंगीने एकदाच कान लावला. विटा गप्प होत्या. आता ऐकण्यासारखं राहिलंही काही नव्हतं.

"मग कोण होतं?" दादाने विचारलं होतं, त्याच दुपारी, हात धुताना.

"कोणी नाही. समोर वीटच होती."

"बघ," तो म्हणाला, आणि मिठाची बरणी मागून घेतली. तिने दिली.

ती पुन्हा पहिल्यासारखी भांडू लागली, जेवू लागली, कामावर जाऊ लागली. स्वतःचं रक्त तपासावं असं तिला एकदोनदा वाटलं आणि तिने तपासलं नाही. दादा एकटा उरतो, पण उरतो. इतकी वर्षं उरतो. चौकट घासण्याइतकी ताकद त्याच्या हातात असते. हे आठवलं की तिला बरं वाटे, आणि लगेच चपलांचा तो एकच जोड आठवे. दोन्ही खरं होतं.

फक्त एक गोष्ट तिने सोडून दिली. कानाच्या यंत्राचा विषय ती काढीनाशी झाली. हिशेब मांडलेलाच होता. ज्याच्या कानामागे यंत्र नाही तो माणूस त्या खोलीत उभा राहू शकत नाही. आणि ती खोली आली नाही तर… पुढचं ती मनातही म्हणत नसे. दादा तर यंत्राला आपणहून नकोच म्हणत होता. तिला काहीही करायचं नव्हतं. काही न करणं किती सोपं असतं.

वसंतात एका सकाळी दादा दुकानातून आला तो पांढराफटक पडून. मागून ट्रक आला होता, भोंगा वाजवत आला होता असं लोक म्हणत होते. दुकानदाराने दंड धरून ओढलं म्हणून निभावलं. कोपर खरचटलं होतं. चिंगी जखम धुऊ लागली.

"चिंगे," तो म्हणाला, "मला ते यंत्र दे बाई."

तिने कापूस बाटलीत बुडवला. "तुला तर किडा बसल्यासारखं वाटतं."

"वाटू दे. ट्रकचं सोड. पण तू बोलतेस त्यातलं अर्धं जातं माझं. मी नुसती मान हलवतो, तुला माहीत आहे. किती वर्षं अर्धं ऐकायचं?"

"बघू पुढच्या महिन्यात," चिंगी म्हणाली.

तो महिना गेला. ती रोज दवाखान्यात दुसऱ्यांच्या कानांना यंत्रं बसवत होती. आपल्याच माणसांचे आवाज पुन्हा ऐकून रडणारी माणसं रोज बघत होती. संध्याकाळी घरी येऊन, मागून तीनदा हाक मारून, दादा वळायची वाट पाहत होती. तिसऱ्या हाकेला तो वळे आणि तिच्या ओठांकडे बघून हसे.

एका शनिवारी ती त्याला घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कान तपासले, माप घेतलं. यंत्रं बरीच होती, लहान, मोठी, आत बसणारी. चिंगीने वेगळंच घ्यावं म्हणून दोनतीन लावून पाहिली. त्याच्या कानात नीट बसलं ते एकच, आणि ते कुठलं हे तिला पेटी उघडायच्या आधीच माहीत होतं. तिने ते त्याच्या कानामागे बसवलं, केस सारखे केले आणि बटण लावलं.

दादा दचकला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, पंख्याकडे, दाराकडे.

"ऐकू येतंय?" तिने अगदी हळू विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुझा आवाज असा आहे होय?" तो म्हणाला. "मी वेगळाच धरून चाललो होतो."

घरी आल्यावर त्याने सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली. नळ सोडून पाहिला, काडी मोडून पाहिली. मग तो अंगणात लिंबाखाली जाऊन बसला आणि तोंड वर करून पक्ष्यांकडे कान देऊ लागला. चिंगी खुरपं घेऊन आली आणि त्याच्याजवळ बसली. तिने त्याच्या हातात खुरपं दिलं. हे रोप, हे तण. याला पाणी रोज, याला आठवड्याने. वेल खिडकीवर येऊ लागला तर इथून छाटायचा, याच्या वर नाही. रंगाचे डबे कुठे ठेवलेत. चौकटीला दर दोन वर्षांनी काचकागद मारायचा, नाहीतर लाकूड फुगतं. आरसा वहिनीच्या त्या कपाटाला होता, तू म्हणतोस तेच बरोबर. ती बोलत राहिली. आता मोठ्याने बोलायची गरज नव्हती.

"अगं, हळू," दादा हसत म्हणाला. "सगळं ऐकू येतंय मला. घाई कसली आहे तुला? मी काय कुठे पळून चाललोय?"

"नाही," चिंगी म्हणाली, आणि पुढचं रोप दाखवायला सरकली.